देहू उभारणारे हात : साहेबमामा फत्तेलाल यांची कलासाधना

ग्रंथालयाच्या शतकपूर्तीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत एका चित्रपट-कलादिग्दर्शकावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ग्रंथालयाचा संबंध अक्षराशी; आणि ज्यांच्याविषयी हा लेख आहे त्या शेख फत्तेलाल ऊर्फ साहेबमामा यांचा आयुष्यभराचा व्यवहार होता तो रंग, माती, लाकूड आणि प्रकाश यांच्याशी. परंतु या प्रश्नाचे उत्तर नेमके याच भेदात आहे. मराठी चित्रपटाचा इतिहास प्रामुख्याने आपण अक्षरजीवी मंडळींनी लिहिला. साहजिकच त्यात कथा, संवाद, गीते, संगीत आणि अभिनय यांना मानाचे पान मिळाले. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली आपल्या इंदुरात झाला, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र पडद्यावरचे घर, अंगण, देऊळ, राजवाडा आणि स्वर्ग ज्यांनी उभा केला त्यांची नावे श्रेयनामावलीत क्षणभर चमकतात आणि विरून जातात. त्या विस्मृतीची थोडीफार भरपाई करणे हे ग्रंथालयाच्या कार्याशी विसंगत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शिवाय आपण राहतो त्या परिसराला हा विषय परका नाही. मल्हारगंजाच्या टोकाला असलेल्या ज्या भव्य मूर्तीमुळे या भागाला ‘बडा गणपती’ हे नाव मिळाले, ती सुमारे २५ फूट उंचीची आहे. १९०१ च्या सुमारास ती पूर्ण झाली आणि तिच्या घडणीत वीट व चुन्याबरोबर गूळ, मेथी आणि तीर्थक्षेत्रांची माती वापरली गेली, असे परंपरा सांगते. पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून केलेले हे काम. दुसरीकडे, अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या रस्त्यांवरून निघणाऱ्या कापड गिरण्यांच्या झांक्या आपण पाहत आलो आहोत. बांबू, कापड, कागद आणि दिवे यांतून गिरणीकामगारांनी महिना-महिना खपून उभे केलेले पुराणप्रसंग एका रात्रीसाठी जिवंत होतात आणि नंतर मोडले जातात. हुकूमचंद मिल १९९१ साली बंद पडली तरी तिच्या कामगारांनी ही परंपरा सोडली नाही. चित्रपटाचे कलादिग्दर्शन हे या दुसऱ्या जातीचे काम होय. मोडून टाकण्यासाठीच उभारायचे, पण उभे असेतो ते खरे वाटले पाहिजे, अशी त्याची अट असते.

कोल्हापूरची चित्रशाळा

फत्तेलाल यांचा जन्म १८८६ साली कोल्हापूरजवळच्या कागल येथे झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर हे मल्ल, गवई, नट आणि चित्रकार यांचे आश्रयस्थान बनले होते. आबालाल रहिमानांसारखा श्रेष्ठ चित्रकार तिथे रंकाळ्याची आणि पंचगंगेची निसर्गदृश्ये रंगवीत होता. आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे दोघे भाऊ (नात्याने ते चुलत-आते भावंडांपैकी, पण जोडी सख्ख्यांहून घट्ट) संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात अग्रगण्य मानले जात. पुढे ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. त्यांच्या कार्यशाळेत फत्तेलाल आले. बाबूरावांचा जन्म १८९० चा. म्हणजे गुरू शिष्यापेक्षा चार वर्षांनी लहान. कारागिरांच्या जगात वय नव्हे तर हात मोठा मानला जातो, त्याचेच हे उदाहरण.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला आणि या पडदे रंगविणाऱ्या भावांना चलच्चित्राचे वेड लागले. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो स्वतःच बनवायचा असा त्यांचा निर्धार. १९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. बाबूरावांनी काम तडीस नेले आणि तानीबाई कागलकर या गायिकेच्या अर्थसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. फत्तेलाल आणि पेणहून आलेले विष्णुपंत दामले हे या कंपनीचे आधारस्तंभ बनले. पुढे शांताराम वणकुद्रे हा तरुणही तिथेच दाखल झाला. त्या काळी चित्रपटाचे शिक्षण देणारी शाळा देशात नव्हती. जी होती ती ही. आणि तिचा प्रमुख विषय होता चित्रकला. बाबूराव चित्रीकरणापूर्वी पात्रांची व वेशभूषेची रेखाटने करीत, जाहिरातीची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत. मराठी चित्रपटाच्या मुळाशी साहित्यिकाच्या बैठकीइतकीच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, चित्रकाराची कार्यशाळा आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

पडद्याकडून वास्तूकडे

नाटकाचा रंगविलेला पडदा आणि चित्रपटातील वास्तू यांत फरक काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. पडद्यावर राजवाड्याची कमानींची रांग रंगविलेली असते. ती दूर दूर जाताना लहान होत गेलेली दिसते, आणि खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला खोलीचा भास होतो. पण हा भास एकाच ठिकाणाहून खरा असतो. प्रेक्षक जागचा हलत नाही म्हणून नाटकात तो निभावतो. कॅमेरा मात्र जागा बदलतो. तो जवळ जातो, बाजूला सरकतो, खालून वर पाहतो. त्या क्षणी रंगविलेल्या कमानी सपाट कापडाच्या कमानी होऊन जातात. नट त्यांच्यापुढून चालला की त्याची सावली ‘आकाशावर’ पडते. सुरुवातीच्या अनेक चित्रपटांत हा दोष राहून गेला होता.

बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी स्वतः पडदे रंगविण्यात निष्णात होते, म्हणूनच पडद्याची मर्यादा त्यांना इतरांआधी उमगली असावी. त्यांनी रंगविलेल्या पडद्याऐवजी लांबी, रुंदी आणि खोली असलेली बांधीव दृश्ये वापरात आणली. लाकडी चौकटी, बांबू, गोणपाट, माती आणि प्लास्टर यांतून भिंत उभी करायची. तिला दगडाचा किंवा शेणाने सारवल्याचा पोत द्यायचा. खांब खरोखरच गोल हवा, कारण प्रकाश त्याच्याभोवती वळतो. आणखी एक अडचण होती ती रंगांची. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ काळा दिसे आणि निळा पांढुरका. म्हणजे डोळ्यांना शोभिवंत दिसणारा दरबार पडद्यावर मळकट उमटण्याची शक्यता. कलावंताला प्रत्येक रंग करड्या छटांच्या भाषेत ‘भाषांतरित’ करून पाहावा लागे. चित्रकाराची नजर आणि कारागिराचा हात एकाच माणसात असल्याखेरीज हे साधणारे नव्हते.

‘सैरंध्री’ हा कंपनीचा पहिला चित्रपट १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की तो कापावा लागला, असे चित्रपटाचे इतिहासकार नोंदवितात. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ हा किताब दिला, तो याच चित्रपटाच्या वेळी. १९२३ साली हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून ‘सिंहगड’ निघाला, १९२५ साली नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’. दोन्ही आपटे आपल्या ग्रंथालयाच्या वाचकांचे जुने स्नेही आहेत, म्हणून इथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. कादंबरीकार ‘गरिबाची झोपडी’ असे दोन शब्द लिहून पुढे जाऊ शकतो. उरलेले काम वाचकाची कल्पनाशक्ती करते. कलादिग्दर्शकाला ती मुभा नाही. झोपडीचे दार कोणत्या दिशेला, चूल कुठे, कूड किती उडालेला, कोनाड्यात काय, दिव्याची काजळी कुठवर चढलेली, हे सारे त्याला ठरवावे लागते, आणि ते ठरविताना त्या घरातला माणूस कोण आहे हे जाणावे लागते. या अर्थाने कलादिग्दर्शक हा कादंबरीचा सर्वांत काटेकोर वाचक होय.

१९२८ साली दामले आणि फत्तेलाल यांनी याच कंपनीसाठी ‘महारथी कर्ण’ हा चित्रपट संयुक्तपणे दिग्दर्शित केला. पुढे गाजलेल्या जोडीचा हा आरंभ.

प्रभातची उभारणी

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. कामाची वाटणी स्वच्छ होती. दिग्दर्शन शांतारामबापूंकडे, छायालेखन धायबरांकडे, बोलपट सुरू झाल्यावर ध्वनिमुद्रण दामल्यांकडे, पैशाचा व्यवहार कुलकर्ण्यांकडे आणि कलाविभाग फत्तेलालांकडे. तिथे त्यांना सर्वजण ‘साहेबमामा’ म्हणत, आणि हेच नाव पुढे चित्रसृष्टीत रूढ झाले. कलाविभागाचा प्रमुख हा नोकर नसून कंपनीचा भागीदार आहे, ही गोष्ट त्या काळातच काय, नंतरही दुर्मीळ राहिली. प्रभातच्या चित्रपटांतील वास्तूंना जो भरीवपणा लाभला त्याचे एक कारण या रचनेत आहे. ज्या माणसाला भिंत उभारायची होती, तो निर्णयाच्या बैठकीत बसलेला होता.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी चित्रपट बोलू लागला. कलादिग्दर्शकापुढे नवे प्रश्न उभे राहिले. आता दृश्य नुसते दिसायला खरे असून भागत नव्हते. लाकडी चौथऱ्यावर चालणाऱ्या नटाच्या पावलांचा पोकळ आवाज संगमरवरी दरबाराचा भास क्षणात मोडी. ध्वनिग्राहक लपविण्यासाठी जागा ठेवावी लागे. कापडी भिंतीत आवाज मुरतो आणि कठीण भिंतीवरून तो परततो, हेही गणित सांभाळावे लागे. फत्तेलाल आणि दामले यांची मैत्री इथे उपयोगी पडली असली पाहिजे. एकाचे क्षेत्र डोळ्यांचे, दुसऱ्याचे कानांचे.

१९३३ साली प्रभात पुण्यास आली. तिथला भव्य बंदिस्त चित्रीकरण-कक्ष, तळे, मोकळे मैदान आणि कार्यशाळा यांमुळे कलाविभागाला ऐसपैस जागा मिळाली. पुण्यातील पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ हा १९३४ चा. त्याची कथा नारायण हरी आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर आधारलेली. बळीची प्रथा बंद करू पाहणारा राजा आणि तिला चिकटून बसलेला राजगुरू यांचा हा संघर्ष. चंडिकेच्या मंदिरातील आरंभीचे दृश्य आणि चंद्रमोहन यांच्या पडदाभर पसरलेल्या डोळ्याचे समीपदृश्य ज्यांनी पाहिले ते विसरू शकलेले नाहीत. डोळ्याचे श्रेय दिग्दर्शकाला आणि नटाला जाते, ते योग्यच. पण त्या डोळ्यातील भय प्रेक्षकाच्या मनात शिरण्यापूर्वी त्या गाभाऱ्याच्या अंधाराने आणि अवाढव्य आकारांनी जमीन तयार करून ठेवलेली असते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

१९३७ चा ‘कुंकू’ अगदी निराळ्या वळणाचा. नारायण हरींच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेला. वृद्ध काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेची ही कहाणी घडते ती बहुतांशी एका घरात. तिथे पुराणकथेतला भव्यपणा निरुपयोगी होता. हवे होते एका मध्यमवर्गीय घराचे कोंदटलेपण, आणि भिंतीवरचे जुने घड्याळ. हे घड्याळ म्हणजे त्या घराचे वृद्धत्वच होऊन बसते. एक सामान वस्तू कथेत पात्राच्या पदवीला कशी चढते याचा हा वस्तुपाठ. चंडिकेचे मंदिर उभारणाऱ्या कलाविभागाने तीन वर्षांत हे घर उभारले, यातच त्याचा आवाका दिसून येतो.

देहू

परंतु साहेबमामांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे १९३६ चा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे, गीते शांताराम आठवल्यांची. विष्णुपंत पागनीस तुकारामांच्या भूमिकेत आणि गौरी जिजाईच्या. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याची विशेष वाखाणणी झाली. मराठी चित्रपटाला परदेशात मिळालेला हा पहिला मोठा मान.

या चित्रपटाविषयी बोलताना पागनिसांच्या तन्मयतेचा उल्लेख प्रथम होतो. त्यांच्या अभिनयाची थोरवी निर्विवाद आहे. तरीही एक प्रश्न विचारला पाहिजे. या चित्रपटात चमत्कार आहेत: बुडविलेली गाथा इंद्रायणीतून परत येते, शेवटी गरुडाच्या आकाराचे विमान तुकारामांना वैकुंठाला नेते. अशा गोष्टी इतर संतपटांतही होत्या, आणि त्यांतील बहुतेक आज हास्यास्पद वाटतात. मग ‘संत तुकाराम’मधील चमत्काराला आजचा अश्रद्ध प्रेक्षकही हसत नाही, ते का?

प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर जिजाईच्या घरात आहे. ते घर मातीचे आहे आणि वापरलेले आहे. तिथे दारिद्र्य हे सजावट म्हणून मांडलेले नाही. चूल आहे, भांडी आहेत, अंगणात म्हैस आहे आणि त्या म्हशीची काळजी वाहणारी, मुलांच्या पोटासाठी कावलेली, देवाला पायताण दाखवायला निघणारी एक खरीखुरी बाई आहे. प्रेक्षक या घरावर विश्वास ठेवतो. आणि एकदा घर पटले की त्या घरावरून जाणारे विमानही पटते. वैकुंठाचे आमंत्रण मिळाले तरी जिजाईचा जीव चूल आणि मुले यांतच गुंतलेला राहतो, हा प्रसंग जमिनीचा भार पेलणारा आहे, आणि ती जमीन साहेबमामांनी सारवलेली आहे.

यात चित्रकलेच्या दोन परंपरा एकत्र आल्या आहेत. देवादिकांची दृश्ये राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी घराघरांत पोहोचविलेल्या वळणाची आहेत. प्रेक्षकाला आपला देव ओळखू यावा म्हणून ते आवश्यकच होते. देहूची दृश्ये मात्र ‘सावकारी पाश’च्या कोल्हापुरी वास्तववादातून आली आहेत. एरवी या दोन शैली शेजारी ठेवल्या तर एकमेकींना खोटे पाडतील. फत्तेलालांनी त्यांना एकाच अंगणात नांदविले, कारण त्यांचा हात दोन्हींत मुरलेला होता. सतराव्या शतकातील देहू कुणीच पाहिलेले नव्हते. परंतु १९३६ नंतर मराठी मनातील देहू पुष्कळ अंशी या चित्रपटातले देहू आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक वाटतो. देहूचे हे घर ज्याने उभारले, चार वर्षांनी ‘संत ज्ञानेश्वर’साठी ज्ञानदेवांची आळंदी आणि पाठोपाठ १९४१ साली ‘संत सखू’साठी पंढरीची वाट ज्याने उभी केली, तो कारागीर जन्माने मुसलमान होता. त्या काळी याची विशेष चर्चा झाल्याचे दिसत नाही, आणि ते मराठी परंपरेला धरूनच आहे. शेख महंमदांसारखा कवी जिथे संतमांदियाळीत बसला, तिथे शेख फत्तेलालांनी तुकोबांचे घर सारवावे यात नवल कसले? पेणचे दामले आणि कागलचे फत्तेलाल हे दिग्दर्शनासाठी एका खुर्चीत बसले, हे त्या काळाने सहज मानले. १९४१ सालीच प्रभातचा ‘शेजारी’ आला. एका हिंदू आणि एका मुसलमान शेजाऱ्याच्या मैत्रीची ती शोकांतिका फुटणाऱ्या धरणापाशी संपते. कलाविभागाच्या दृष्टीने ते धरण अवघड काम होते. पण त्या विभागाच्या प्रमुखाला त्या कथेचा आशय समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

उत्तरकाल आणि वारसा

१९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. १९४४ च्या ‘रामशास्त्री’त पेशवाईतले पुणे पुन्हा एकदा दिमाखाने उभे राहिले. १९४५ च्या जुलैत दामले निवर्तले. पाव शतकाहून अधिक काळ जोडीने काम केलेल्या माणसाला एकट्याने काम करणे किती जड गेले असेल याची कल्पनाच करावी. १९५० नंतरच्या काही वर्षांतच कंपनीचा कारभार आटोपला. फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला ‘जगद्‌गुरु शंकराचार्य’ १९५५ सालचा. १९६० साली प्रभातच्याच आवारात सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था सुरू झाली, आणि जिथे एके काळी कारागीर उमेदवारी करून शिकत तिथे विद्यार्थी पदविकेसाठी येऊ लागले. १९६४ साली साहेबमामा गेले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची पुण्यात स्थापना झाली तीही १९६४ मध्येच. ज्या पिढीचे काम जपायचे ती उठून जात असताना जपण्याची व्यवस्था सुरू झाली, असा हा विलक्षण योग.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट त्यापूर्वीच नष्ट झाले होते. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही. शिवाय तिच्यातील चांदीसाठी जुन्या प्रती वितळविल्या जात. वास्तू तर मोडण्यासाठीच बांधलेल्या. रेखाटने, नकाशे, मातीचे नमुने यांना काम झाल्यावर कोण विचारतो? नटाचा चेहरा छायाचित्रात राहतो, गायकाचा आवाज तबकडीत राहतो, कवीचे गीत पुस्तिकेत राहते. कलादिग्दर्शकाचे काम त्या तिघांच्या मागे, थोडेसे अस्पष्ट होऊन उरते.

तरीही परंपरा तुटली नाही. चित्रकार एम. आर. आचरेकर यांनी ‘आवारा’ (१९५१) मधील प्रसिद्ध स्वप्नदृश्य उभे केले, आणि ‘परदेसी’, ‘कागज के फूल’ व ‘जिस देश में गंगा बहती है’ या चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. बाबूराव पेंटरांचे साहाय्यक असलेल्या अण्णासाहेब राजोपाध्ये यांची कन्या भानू अथैया कोल्हापुरात जन्मली आणि ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळविणारी पहिली भारतीय ठरली. दापोलीच्या नितीन चंद्रकांत देसाई यांना ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चित्रपटांसाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. २०२३ साली त्यांचे निधन झाले. या कामाला आता ‘प्रॉडक्शन डिझायनर’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. अमेरिकेत ते प्रथम ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) साठी विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांना दिले गेले, असे मानतात. साहेबमामांचे ‘तुकाराम’ त्याआधी तीन वर्षांचे. नाव नव्हते, काम होते.

इंदूरही या नकाशाबाहेर नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांच्या चित्रशाळेने याच नगरीत ना. श्री. बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे कलावंत घडविले. इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईस गेले ते चित्रपटांचे प्रचंड फलक रंगविण्यापासून सुरुवात करून. रंगाचा हात असलेल्या गरीब मुलाला चित्रपटाने पोटाला दिले, आणि त्याने चित्रपटाला डोळे दिले, असा हा देवघेवीचा इतिहास आहे.

भानू अथैया यांनी २०१२ साली आपले ऑस्कर परत अकादमीकडे सोपविले. आपल्यामागे ते मायदेशी नीट जपले जाईल याची त्यांना खात्री वाटत नव्हती. ज्या कोल्हापुरी कार्यशाळेतून हे सारे निघाले तिच्या वारसदारावर ही वेळ यावी, याचा विचार ग्रंथ जपणाऱ्या संस्थांनी करायला हवा. चित्रपट जपणे हे आपल्या आवाक्यातले काम नाही. पण चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गीतपुस्तिका, हस्तपत्रके, जुन्या मासिकांतील छायाचित्रे, झांक्यांची रेखाटने आणि त्या बांधणाऱ्यांच्या आठवणी हे आपल्या कपाटात मावणारे साहित्य आहे. आजवर ग्रंथालये अशा कागदांना किरकोळ समजून दाखलखात्यात घेत नसत. प्रभातची एखादी जुनी पुस्तिका ज्यांच्या माळ्यावरील ट्रंकेत असेल, अशी कुटुंबे आपल्या सभासदांत निश्चितच आहेत. शताब्दी वर्षात त्यांनी ती ग्रंथालयाकडे आणून द्यावी, ग्रंथपालांनी तिला दाखल क्रमांक द्यावा, आणि नोंद करताना नट-नट्यांच्या नावांबरोबर कलादिग्दर्शकाचेही नाव लिहावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.